बागेकडची काच

मी काच बोलतेय. दिवाणखान्याची, बागेकडची, जमिनीपासून छतापर्यंतची. आणि आज मी गोड बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते.

वाळू वितळवून मला घडवलं तेव्हा मला केवढी मिजास होती! दुकानदार गिऱ्हाइकांना म्हणायचा, "बघा, काच आहे की नाही तेच कळत नाही." मी फुशारून जायचे. आता ते वाक्य आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मला विकत घेणाऱ्याला मित्र 'दुर्बीण' म्हणतात. नोकरी संपल्यावर त्याने ठरवलं, आता घरबसल्या निसर्ग बघायचा. भिंत पाडली, मला बसवलं. बाहेर झुडपं लावली. आत, माझ्यासमोरच्या भिंतीशी, खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ठेवली. तिची काच माझी चुलतबहीणच म्हणा. टाकीत निळा दिवा, आणि एक पिवळा मासा, दुर्बिणीचा जीव की प्राण. माशाने एक वेळ खाल्लं नाही तर तो मासेवाल्याला फोनवर फोन करतो. पाण्यात मीठ किती, पाणी कोमट आहे ना, सगळं बघतो. करू दे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

थंडी पडली की दूरदेशीचे पक्षी येतात. समुद्र, डोंगर ओलांडून दमलेले. त्यांना माझ्यात झाडं दिसतात, आभाळ दिसतं, आणि दिवा लागला की माझ्यापलीकडे निळं पाणी दिसतं. फक्त मी दिसत नाही. मग धाड! एवढासा जीव मान मोडून खाली पडतो, आणि मला साधा तडाही जात नाही. मला लाज वाटते. लाजेपेक्षा संताप जास्त येतो.

दुर्बिणीला कालपर्यंत यातलं काही माहीत नव्हतं. तो उशिरा उठतो. त्याआधीच त्याची बायको सुपली घेऊन बाहेर येते, मेलेली पाखरं उचलते, कुंपणाकडेला पुरते. वर मला घासूनपुसून लख्ख करते, चिकटलेलं पीसही ठेवत नाही. "यांचा जीव फार हळवा गं," ती एकदा फोनवर बहिणीला सांगत होती. "कळलं तर खिडकीत बसणंच सोडतील." अगं बाई, सोडू देत की! नवऱ्याचं मन जपायला आणखी किती जीव घेणार आहेस?

एकदा ती माहेरी गेली होती. तेव्हा एक कवडा येऊन आपटला आणि झुडपामागे पडला. माझ्यावर त्याच्या पिसांवरची पांढरी भुकटी उमटली, पसरलेले दोन्ही पंख, पीसन्‌पीस. दुर्बीण हरखून गेला. फोटो काढला, मोठा करून घेतला, चौकटीत घालून भिंतीवर लावला. त्याला वाटलं, पाखरू जरा टेकलं आणि गेलं. मरणाचा ठसा भिंतीवर टांगून हा गृहस्थ त्याच्याखाली चहा पितो!

काल त्याचा मेहुणा आला होता. त्यालाही चित्र दाखवणं झालं.

"भारीच की, दाजी! मग पक्षी गेला कुठे?"

"गेला उडून. निसर्गाने काढलेलं चित्र आहे हे."

तेवढ्यात धाड! सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हिरवट रंगाचं पाखरू पायरीवर पडलं, चोच उघडी.

दुर्बिणीचा चेहरा पांढराफटक पडला. "अरेरे! असं कधी होत नाही आपल्याकडे."

बायकोने हातातल्या बशा खाली ठेवल्या. "रोज होतं. रोज सकाळी मी उचलते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच त्या शब्दांनी पेटली. तडक आत जाऊन साबणाचा घट्ट फेस केला, स्टुलावर चढली आणि बाहेरून माझ्यावर वरपासून खालपर्यंत एकमेकींना लागून फेसाच्या रेघा ओढल्या. रडत होती, पण हात थांबला नाही. मी पहिल्यांदाच पाखरांना दिसू लागले.

आज सकाळी दुर्बीण लवकर उठला. फडकं घेऊन माझ्यापुढे आला.

"अगं, काहीच दिसत नाही यातून. मधलं थोडंसं पुसतो. माझ्या खुर्चीपुरतं."

ती पायरीवर बसली होती. अडवायला उठली नाही.

"पुसा," ती म्हणाली. "पण उद्यापासून मेलेली पाखरं तुम्ही उचलायची."

तो तसाच उभा आहे. ओलं फडकं माझ्यापासून वीतभर लांब. झुडपात नुकताच एक थवा उतरलाय.

अरे माणसा, ठेव ते फडकं खाली!