कृपया धुऊ नये

लॉन्ड्रीच्या फाटकासमोर ताडपत्रीखाली बसून बायकांना एकोणीस दिवस झाले होते. मागणी एकच, हातमोजे. दिवसभर सोड्यात आणि ब्लीचमध्ये हात घालून दवाखान्याच्या चादरी धुवायच्या, तर रबरी मोजे द्या, बस. मालकाचं म्हणणं, मोजे घातले की हात चालत नाही. त्याने जन्मात स्वतःचा रुमालही धुतला नव्हता, पण बोलायला काय जातं?

या बायकांत डाग काढण्याचं काम एकटी करायची ती डागबाई. सत्तावीस वर्षांत तिचं खरं नाव मागेच पडलं होतं. डाग शाईचा असो, गंजाचा असो की डांबराचा, ती कापड नाकाला लावायची, बोटाने कडा चाचपायची, आणि डाग कशाचा, किती जुना, कशाने जाईल हे सांगून मोकळी व्हायची. माणसं पारखण्यात मात्र ती जरा कच्ची होती, हे तिच्या नवऱ्याकडे बघून कळायचं.

एकोणीस दिवस हाताला काम नाही म्हटल्यावर तिचे हात नुसते शिवशिवत होते. घोषणा देता देता ती शेजारणीच्या बाहीवरच्या तेलकट डागाकडे अशी टक लावून बघायची, की शेजारणीने बिचारीने जागाच बदलली.

अशात परदेशातून पार्सल आलं. समुद्रापलीकडच्या एका बंदरात मासे डबाबंद करणाऱ्या बायकांची युनियन होती. त्यांनी आपला कापडी बॅनर पाठवला होता, आणि त्यांची एक पाहुणी तीन दिवसांनी येणार, हे फोनवर आधीच ठरलं होतं. हा बॅनर म्हणे चाळीस वर्षं देशोदेशी फिरत होता. खाणीतले मजूर, गोदीतले हमाल, घरं पाडलेल्या वस्तीतली माणसं, जिथे कोणी हक्कासाठी ठाण मांडेल तिथे तो जायचा. पाहुणी येणार म्हणून पेपरवाले येणार होते, आणि पेपरवाले येणार या धास्तीने मालक एकदाचा बोलणी करायला तयार झाला होता. सगळं घोडं त्या पाहुणीवर अडलं होतं.

पार्सलात एक पत्रही होतं, पण परक्या भाषेत. ती भाषा येणारी ओळखीतली एकच शिक्षिका, आणि ती परीक्षेचे पेपर तपासण्यात अडकली होती.

बॅनर सांभाळायला युनियनच्या सेक्रेटरीने डागबाईकडे दिला. सेक्रेटरी म्हणजे डागबाईची धाकटी जाऊ, इस्त्रीखात्यातली. "ताई, अगदी स्वतःचा समजून जपा हो," ती म्हणाली. पुढे जे घडलं त्यात या वाक्याचा दोष किती, यावर त्या घरात अजून वाद आहे.

डागबाईने घरी बॅनर उलगडला आणि ती मटकन खालीच बसली. काजळी, वंगण, चिखल, गंज. मधोमध बशीएवढा लालसर डाग. खालच्या डाव्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा तपकिरी पट्टा.

"अगं बाई! परक्याची वस्तू अशी परत द्यायची? लॉन्ड्रीवाल्या म्हणवतो आपण!" असं स्वतःशीच म्हणत तिने बाह्या सरसावल्या.

दोन दिवस नवऱ्याने शेजाऱ्यांकडे आंघोळ केली. बाथरूममध्ये बादल्याच बादल्या. वंगणाला खडूची भुकटी, गंजाला लिंबू आणि मीठ, कोपऱ्यातल्या पट्ट्याला रात्रभर थंड पाणी. सोड्याने तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, पण तिकडे लक्ष कोणाला? तिसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर पांढरंशुभ्र कापड आणि त्यावर निळी अक्षरं. डागबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. आयुष्यात एवढं सुंदर काम आपल्या हातून झालं नाही, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

घडी घालून ती तो ताडपत्रीखाली घेऊन आली. शिक्षिकाही तेव्हाच पोचली होती. तिने पत्र उघडून मोठ्याने वाचायला घेतलं.

"बहिणींनो, या बॅनरवरचा एकेक डाग हा आमचा इतिहास आहे. मधला डाग आमच्या थोर पुढाऱ्याच्या रक्ताचा. त्याला हात लावून आम्ही शपथ घेतो. कृपया धुऊ नये." शिक्षिकेने वर पाहिलं. "याच्याखाली दोनदा रेघ मारली आहे."

ताडपत्रीखाली इतकं चिडीचूप झालं, की फाटकावरच्या रखवालदाराला वाटलं संप मिटला.

जावेने घडी उलगडली, पाहिली, आणि पुन्हा मिटली. "ताई, हे काय केलंत?"

"धुतला," डागबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पाहुणी यायला तास होता. जाऊ पडली सेक्रेटरी, तिचं डोकं भराभर चालायचं. ती चहाची किटली, थोडी राख आणि सायकलच्या साखळीचं काळं तेल घेऊन आली. "चला, पटकन. कुठे काय होतं तेवढं सांगा."

डागबाईने बॅनर छातीशी धरला. "खोटे डाग? मी धुतलेल्या कापडावर? आधी मला पुरा आणि मग काय ते करा."

"आपले मोजे जातील, ताई!"

"जाऊ देत. मी सांगेन तिला. शिव्या मी खाईन." बोलली खरी, पण तिची पाचावर धारण बसली होती. एकोणतीस बायकांचं बावीस दिवसांचं बसणं आपण बादलीत बुडवलं, हा विचार तिला काही सोडेना.

पाहुणी टॅक्सीतून उतरली. पन्नाशीची, ठेंगणी, पायात रबरी बूट. सगळ्यांना मिठ्या मारून झाल्या आणि तिने बॅनर मागितला. उलगडला. उलटून पाहिला. पुन्हा सुलटा केला. शिक्षिकेला काहीतरी हळूच म्हणाली.

"या म्हणतात, हा आमचा नाही."

"तुमचाच आहे," डागबाई पुढे झाली. "मी धुतला. मला पत्र वाचता येत नव्हतं. चूक माझी, या बायकांची नाही." आणि पाहुणीचे डोळे भरून आलेले बघून तिला राहवेना. "पण डाग मला पाठ आहेत हो! एकेक सांगते. इथे कोळशाची काजळी होती, खाणीतली, चुलीची नव्हे. इथे जहाजाचं वंगण. इथे चिखल, त्यात चुना मिसळलेला, म्हणजे पाडलेल्या भिंतीचा."

शिक्षिका सांगत गेली तशी पाहुणी मान डोलवू लागली. होय, खाण. होय, गोदी. होय, ती वस्ती. मग तिने मधल्या जागेवर हात ठेवला. "आणि इथे पुढाऱ्याचं रक्त."

डागबाई घुटमळली. "सांगू का?"

"नका सांगू," जाऊ दातओठ खात पुटपुटली.

"ते रक्त नव्हतं. जॅम होता. स्ट्रॉबेरीचा. बीसुद्धा निघालं विणीतून."

शिक्षिकेने हे भाषांतर करावं की नोकरी सोडून जावं, असा चेहरा केला. शेवटी केलं. पाहुणीचा एक खांदा हलला, मग दुसरा, आणि ती बूट आपटत हसायला लागली.

"म्हणतात, त्या मोर्चात लाठी पुढाऱ्याच्या नुसत्या टोपीवर बसली होती, आणि खिशात त्याच्या कायम जॅमपाव! तीस वर्षं आम्ही त्याच्यावर हात ठेवून शपथा घेतल्या!"

सगळा मांडव हसला. डागबाईला मात्र अजून सांगायचं होतं.

"रक्त इथे होतं. या कोपऱ्यात."

"तो चहा होता," पाहुणी म्हणाली.

"चहा नव्हे. रक्तच, आणि एका दिवसाचं नाही, थरावर थर होते. थोडं थोडं, वर्षानुवर्षं. त्यात माशाचं तेल मुरलेलं. कोणीतरी कापलेल्या हातांनी हा कोपरा धरत होतं."

पाहुणीचं हसू मावळलं. तिने त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग जे बोलली ते शिक्षिकेने अडखळत सांगितलं. "प्रत्येक मोर्चात हा कोपरा यांची आई धरायची. कारखान्यात सुरीने मासे कापायची, मोज्यांशिवाय. घरी तिचे हात कायम खिशात. म्हणतात, मला तिने कधी बोट धरू दिलं नाही. मला वाटायचं, आई तुसडी आहे. ती गेली तरी मला तेच वाटत होतं."

सांत्वन डागबाईला जमायचं नाही. तिने नुसतं पाहुणीच्या दंडावर हात ठेवला. पाहुणीने तो हात उलटा करून पाहिला, भेगाळलेली पेरं पाहिली, आणि त्याच हातात तो डावा कोपरा दिला.

पेपरवाले आले तेव्हा बॅनर फाटकासमोर ताणून धरला होता. आत मालक काचेआडून बघत होता. घोषणेच्या जोरात डागबाईने मूठ आवळली, बोटाची भेग उलली, आणि पांढऱ्या कापडावर लाल ठिपका उमटला.

"अगं बाई, डाग!" जाऊ ओरडली. "थांबा ताई, थंड पाणी आणते!"

"खबरदार पाणी आणशील तर," डागबाई म्हणाली, आणि तिने कोपरा आणखी घट्ट धरला.