सारसोळ्याची जीप सीवूड्सला जाते

मी एक जीप बोलतेय. आवाज जरा मोठा आहे, पण म्हणून मी चिडलेय असं समजू नका. सगळं आयुष्य मोकळ्यावर गेलं, हळू बोलायची सवयच लागली नाही. त्यात सायलेन्सरही म्हातारा झालाय.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी हिरवीगार होते. पहिले मालक जुन्नरकडचे बागायतदार. त्यांनी मला द्राक्षाच्या मळ्यातून फिरवलं, मुलाच्या लग्नात माझ्यावर फुलं लावून नवरदेव मिरवला, आणि मग दारात एसीवाली लांबलचक गाडी आली तसं मला गोठ्याशेजारी उभं केलं. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या तेव्हाच मी ओळखलं, आता आपलं इथं काही खरं नाही.

तिथून मला सारसोळ्याच्या कुंदननं आणलं. सारसोळे म्हणजे नवी मुंबईत नेरूळमधलं जुनं कोळ्यांचं गाव. इमारती आल्या त्याच्या कितीतरी आधीपासून कुंदनची माणसं या खाडीवर जगतायत. त्याच्याकडे माझं काम एकच, होडी चिखलातून काठावर ओढायची. चाकं बुडेपर्यंत चिखलात उतरायचं, दोर बांधून घ्यायचा आणि घूं घूं करत वर यायचं. खरं सांगते, मला ते फार आवडायचं. चारही चाकांत जोर घेऊन जन्माला आलेल्या गाडीला आणखी काय हवं असतं? अंगाला मासळीचा वास लागला, तो लागलाच. पण पुढे कुंदनला बर्फ आणायला टेम्पो घ्यायचा होता, आणि घरासमोर जागा एकाच गाडीची होती. त्यानं माझ्या काचेवर ‘विकणे आहे’ असा कागद चिकटवला.

आता माझ्या सध्याच्या माणसांकडे येते. जवळच्याच सीवूड्सच्या स्मिताताई दर रविवारी कुंदनच्या आईकडून, म्हणजे रंगूबाईकडून, मासळी घ्यायच्या. एका रविवारी पिशवी धरायला त्यांची मुलगी क्षिप्रा आली. वय अठरा पूर्ण, लायसन्स नवं कोरं, आणि बारावी झाली की गाडी घेऊन देऊ हा शब्द बाबांकडून आधीच काढून घेतलेला. बाबांच्या मनात एक छोटी, पांढरी, आपोआप गिअर बदलणारी, देवभोळी गाडी होती. क्षिप्रानं माझ्यावरचा कागद वाचला, टायरवर पाय देऊन वर चढली, स्टिअरिंग धरून जरा वेळ नुसती बसली आणि म्हणाली, “आई, मला ही हवी.”

तुम्हाला वाटेल, मग मेकॅनिक बोलावला असेल. छे. मेकॅनिक कशाला? ज्या रंगूबाईनं इतक्या वर्षांत कधी शिळा बांगडा दिला नाही, तिचा मुलगा खराब गाडी कशी देईल, असा स्मिताताईंचा सरळ विचार होता. पुढच्या रविवारी त्या क्षिप्राच्या बाबांना, अरविंदरावांना, घेऊन आल्या आणि माझी तपासणी झाली. मासळीचा कल्ला उचलून बघतात तसं त्यांनी माझं बॉनेट उचललं, वाकून वास घेतला. मग टायर अंगठ्यानं दाबून बघितला. अरविंदराव शेजारी हात मागे बांधून उभे होते. त्यांना माझ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उघड्या बॉनेटसमोर उभा राहिलेला पुरुष “हं” म्हणाल्याशिवाय हलत नाही. तेही म्हणाले.

“ताई, पोराची गारी हाय म्हनून नाय सांगत,” रंगूबाई पाटावरून म्हणाली. “पन तुला कदी वंगाल माल दिलाय का मी?”

“ते खरं गं,” स्मिताताई म्हणाल्या, “पण वर काय देशील?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंगूबाईनं मूठभर सुकट पिशवीत टाकली आणि माझा व्यवहार पुरा झाला.

माझी सासरी पाठवणी मात्र थाटात झाली. त्याच सकाळी मी शेवटची होडी ओढली होती, त्यामुळे माझा छोटा दांडा चिखलातल्या जोरावरच राहिला होता. माझ्यात दोन दांडे आहेत. मोठा नेहमीच्या गिअरचा. छोटा लावला की चारही चाकं ओढतात, ताकद दांडगी येते, पण वेग बैलगाडीचा. हे कुंदन सांगायला विसरला आणि यांनी विचारलं नाही. तर अशा अवस्थेत अरविंदराव मला पामबीच रोडनं घेऊन निघाले. इंजिन किंचाळतंय, गाडी पुढे सरकत नाही, मागून सगळी नवी मुंबई हॉर्न वाजवतेय. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला आणि जाताना वळून बघून गेला. अरविंदराव आपले मान डोलावत म्हणतात, “ताकद आहे हं गाडीत. जुन्या गाड्या अशाच. दमानं घ्यायच्या.” घरी पोचून, चाकांखाली लिंबं चिरडून, नारळ फोडून झाल्यावर त्यांनी कुंदनला फोन केला. कुंदननं दांड्याचं सांगितलं. मग पलीकडे बराच वेळ हसणं चाललं होतं. क्षिप्रानं दांडा जागेवर आणला, आणि तिथून अरविंदरावांनी फर्मान काढलं, की तो छोटा दांडा या घरात कुणी धरायचा नाही. त्याला लिंबू-मिरची बांधून टाकली.

अरविंदरावांविषयी थोडं सांगायला हवं. ते ऐरोलीला एका कंपनीत सेफ्टीचं काम बघतात. आग लागली तर कुठून पळायचं, जिना कसा उतरायचा, हे लोकांना शिकवतात. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीतून काहीतरी पडताना दिसतं. त्यांची अट होती, की क्षिप्रानं चालवायचं, पण शेजारी ते बसणार. आणि काही झालं तर गाडी परत. क्षिप्राला बेलापूरच्या कॉलेजला एकटीनं मला घेऊन जायचं होतं. तेवढ्यासाठी तर तिनं गाडी मागितली होती. दर रविवारी ती विचारायची, “बाबा, आता एकटी जाऊ?” आणि ते म्हणायचे, “बघू.” मराठी घरातल्या ‘बघू’चा अर्थ तुम्हाला मी काय सांगणार? ती कॉलेजला बसनं जायची आणि मी सोसायटीत उभी.

उभी म्हणजे कशी, तेही ऐका. माझ्या फाटक्या सीटवर प्लॅस्टिकची नवी कव्हरं चढली. आत बसताना चपला पिशवीत. मासळीच्या वासावर उतारा म्हणून कापराच्या वड्या, त्यामुळे माझ्यात बसलं की देवळात कुणीतरी बोंबील भाजतंय असं वाटायचं. रस्त्यात साधं डबकं दिसलं तरी अरविंदराव ओरडायचे, “वळव, वळव, गाडी खराब होईल.” अहो, मी खाडीतून होड्या ओढलेली बाई. मला डबक्याची भीती घालता? पण बोलणार कुणाला?

मग तो रविवार आला. मासळी घ्यायला सगळे सारसोळ्याला आले. स्मिताताई रंगूबाईकडे गेल्या आणि अरविंदरावांना वाटलं, जेट्टीजवळ मोकळी जागा आहे, पोरीला रिव्हर्स शिकवावं. क्षिप्रा चांगलं घेत होती. पण शिकवणाऱ्याला समोरचं चांगलं चाललेलं बघवत नाही.

“सरक बाजूला,” ते म्हणाले, “मी दाखवतो.”

दाखवलं त्यांनी. ओहोटी होती, कडेची जमीन वरून सुकलेली दिसत होती. मी तिला ओळखत होते. मी गुरगुरले, ब्रेक जड केला, पण अरविंदराव मागे बघत बघत मला थेट खाजणाच्या चिखलात घेऊन गेले. मागची दोन्ही चाकं फसली. त्यांनी जोर लावला तशी आणखी खाली गेली. दार उघडून ते उतरले तर घोट्यापर्यंत आत, आणि एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली. कुंदन समुद्रावर होता. अरविंदरावांनी इन्शुरन्सवाल्यांना फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा सांगत होता, आणि इकडे भरतीचं पाणी हळूहळू माझ्या चाकांकडे येत होतं.

मला भीती पाण्याची नव्हती. पाण्याला मी काय घाबरते? मला दिसत होतं, की क्षिप्राचा चेहरा उतरलाय. काही झालं तर गाडी परत, हे तिला आठवलं असणार. मलाही आठवलं.

“बाबा, फोन ठेवा,” ती म्हणाली. “मी काढते.”

“कशी काढणार?”

ती आत चढली, चपला पायात तशाच. लिंबू-मिरची सोडली आणि छोट्या दांड्याला हात घातला.

“तो दांडा धरायचा नाही,” अरविंदराव सवयीनं म्हणाले. मग त्यांनी पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाले.

पोरीनं घाई केली नाही. क्लच दाबला, दांडा लावला, पहिला गिअर, आणि अगदी सावकाश पाय सोडला. माझी पुढची चाकं कडक जमिनीवर होती. त्यांनी पकड घेतली. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगातून तो जोर फिरला आणि मी घूं घूं करत वर आले. जाता जाता मागच्या चाकांनी चिखल उडवला, तो सगळा अरविंदरावांवर. ते मी मुद्दाम केलं नाही, पण वाईटही वाटलं नाही.

घरी जाताना ते वर्तमानपत्र अंथरून बसले होते. सोसायटीत शिरल्यावर क्षिप्रानं किल्ली त्यांच्या हातात दिली आणि हळूच विचारलं, “परत देणार का आता?” ते म्हणाले, “आधी अंघोळ करू दे.” मग आठवडाभर विषय नाही. ती बसनं जात राहिली. मी कव्हराखाली अंधारात उभी, रोज वाटायचं, आज कुणीतरी माझ्या काचेवर कागद चिकटवणार.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मला डावा आरसा नव्हता. तो कुंदनकडेच होडीला घासून तुटला होता. त्यामुळे वळायच्या आधी क्षिप्रा विचारायची, “बाबा, डावीकडे?” आणि अरविंदराव मान बाहेर काढून सांगायचे, “मोकळं आहे,” नाहीतर, “रिक्षा आहे, थांब.” आता विचार करा. या माणसानं माझ्यात आग विझवायचा सिलिंडर ठेवला, औषधांची पेटी ठेवली, काच फोडायची हातोडी ठेवली. आणि आरसा बसवायचा तेवढा राहून गेला. राहून गेला असं मी समजत होते.

शनिवारी संध्याकाळी ते एकटेच खाली आले. हातात खोकं आणि पाना. माझं कव्हर काढलं, गुडघ्यावर बसून आरसा बसवला. पाना दोनदा निसटला, बोट खरचटलं. मग त्यांनी वर फोन करून क्षिप्राला खाली बोलावलं.

“बसून बघ. दिसतंय का?”

“अजून थोडा बाहेर. हां, बस. दिसतंय.”

“नीट दिसतंय ना?”

“हो बाबा.”

“मग सोमवारी घेऊन जा कॉलेजला.”

तिनं त्यांच्याकडे बघितलं. “आणि तुम्ही?”

“मला ऐरोलीला नसतं का जायचं?” ते म्हणाले आणि पाना पुसत बसले. ती वर गेल्यावर ते माझ्या डाव्या सीटवर येऊन बसले आणि त्या नव्या आरशात उगाच बघत राहिले. तेव्हा मला त्यांची फार माया आली. तुमच्या घरात कुणी अठरा वर्षांचं असेल तर माझं एवढं ऐका, तो आरसा बसवायला फार उशीर करू नका. जिवावर येतं, मी बघितलंय.

सोमवारी आम्ही दोघीच निघालो. बेलापूरच्या वाटेवर पहिलं वळण आलं. क्षिप्रानं वेग कमी केला आणि सवयीनं म्हणाली, “बाबा, डावीकडे?”

शेजारची सीट रिकामी होती. ती क्षणभर तशीच थांबली. मागून हॉर्न वाजला. मग तिनं आरशात बघितलं. माझं बोलणं तिला कळत नाही, तरी मी म्हटलंच, मोकळं आहे गं, वळ.