घरची फांदी

झाडं कापणाऱ्या टोळीत त्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि तो होताही तसाच. त्याच्या गाडीवर चेनसॉला हात लावायचा, तर आधी हेल्मेट, तोंडावर जाळी, हातमोजे, पायात जाड बूट आणि ती अंगाला टोचणारी जाडजूड पॅन्ट. यातलं एक जरी राहिलं किंवा कुणी मशीन घेऊन शिडीवर चढलं, तरी उस्ताद माणसाला सरळ घरी धाडत असे. काडी म्हणून एक सडपातळ गडी होता. कामाला वाघ. एकदा तो मशीन घेऊन शिडीवर चढलेला उस्तादानं पाहिला आणि भर रस्त्यात त्याला खाली उतरवलं.

"बायकोला विधवा करायची हौस असेल तर दुसरीकडे कर. माझ्या गाडीवर नको."

सगळ्यांसमोर त्याला काढून टाकलं. काडी मान खाली घालून गेला आणि दुसऱ्या टोळीत लागला.

घरीही उस्तादाचा असाच दरारा. तो जेवायला बसला की भांड्यांचा आवाजसुद्धा हळू व्हायचा. मुलगा कामानिमित्त परगावी असायचा. घरात बायको, सून आणि तो. परसात एक जुनं झाड होतं. त्याची एक फांदी वाढत वाढत पत्र्यावर टेकली होती आणि वारा सुटला की रात्रभर खरखर करायची.

"गावभर झाडं कापत हिंडता आणि घरच्या फांदीला मुहूर्त मिळत नाही," बायको रोज ऐकवायची.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी उस्ताद वैतागून उठला. मशीन घरीच होतं. आदल्याच दिवशी त्यानं साखळीचे दात कानशीनं घासून लखलखीत केले होते, ताण तपासला होता, ब्रेकमध्ये अडकलेला भुसा ब्रशनं काढला होता. मशीनच्या बाबतीत तो कधीच हयगय करत नसे. बाकीचं सामान मात्र गाडीत होतं, आणि गाडी चौकापलीकडे उभी.

त्यानं शिडी खोडाला लावली आणि सुनेला हाक मारली. "जरा धर गं."

सून पदर खोचत आली. त्याच्या पायांकडे बघून थबकली. पायात चपला होत्या.

"बाबा, तुमचं ते हेल्मेट?"

"घरच्या फांदीला कसलं हेल्मेट! दोन मिनिटांचं काम."

"नाही, पण शिडीवर मशीन..."

"तू मला शिकवणार? धर म्हटलं की धरायचं."

तिनं शिडी धरली.

फांदी खांद्याच्या वर होती. उस्तादानं हात उंचावले, चाप दाबला. साखळी लाकडात लोण्यासारखी शिरली. पण साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीचं टोक पलीकडे, पानांत दडलेल्या दुसऱ्या फांदीला लागलं. पुढचं काय झालं ते त्याला नीट कळलंही नाही. मशीन उसळून थेट त्याच्या तोंडाकडे आलं. मुठीपुढची ब्रेकची ढाल मनगटावर आपटली, ब्रेक लागला, साखळी जागच्या जागी थांबली. पण त्याचा तोल गेला होता. चपलेखालून पायरी सटकली आणि शिडी, मशीन, उस्ताद सगळं एकदम खाली आलं.

तो पडला मऊ मातीत. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. सुनेनं मात्र शिडी सोडलीच नव्हती. अख्खी शिडी तिच्या हातावर आली होती. ती ओरडली नाही. हात छातीशी धरून खाली बसली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

दवाखान्यात हाताला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?"

उस्तादानं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी सून म्हणाली, "शिडी धरली होती. माझ्याकडून सुटली."

त्याला वाटलं, आता बोलावं. पण तोवर डॉक्टर पुढच्या कामाला लागले आणि बोलायची वेळ निघून गेली.

सुनेनं घरी पाऊल टाकताच बायकोनं तिला फैलावर घेतलं. "एवढी शिडी धरता येऊ नये? ह्यांच्या जिवावर बेतलं असतं!" उस्ताद शेजारच्या खोलीत बसून ऐकत होता. मुलाचा फोन आला. सून म्हणत होती, "हो, चुकलंच माझं. पुढच्या वेळी लक्ष ठेवीन." आता सांगू, मग सांगू म्हणत तो दिवस ढकलत राहिला. जेवायला बसला की एका हातानं ताट पुसणारी सून समोर दिसायची आणि त्याचा घास तोंडातच फिरायचा.

मग एका दुपारी टोळीतले गडी चौकशीला आले. त्यांच्याबरोबर काडीही होता, दाराशी चपलांजवळ संकोचून उभा. सगळ्यांना बसवून बायकोनं पुन्हा तीच कथा सुरू केली. एक गडी सुनेला हसत हसत म्हणाला, "वहिनी, शिडी धरणं हेही कामच असतं हो. आमच्या उस्तादांकडून शिकून घ्या."

सगळे हसले. सूनही कशीबशी हसली.

ते हसू उस्तादाला सोसवलं नाही.

"तिची शिडी सुटली नव्हती," तो म्हणाला. आवाज फाटलेला निघाला. "मीच चढलो होतो. मशीन घेऊन, चपला घालून, डोक्यावर काही नाही. तिनं विचारलं, तर तिच्यावरच ओरडलो. आणि इतके दिवस तिला बोलणी खाऊ दिली."

कुणी हसलं असतं, तर बरं झालं असतं. बायको त्याच्याकडे बघत राहिली, तो अनोळखी असल्यासारखी. गडी आपापल्या गुडघ्यांकडे पाहू लागले.

काडीनंच हळूच विचारलं, "पट्टीचं टोक लागलं?"

"हो."

"ब्रेकनं वाचवलं म्हणायचं."

"हो." उस्तादानं मान वर केली. "परत ये आपल्या गाडीवर."

"नको उस्ताद. तिकडे बरं चाललंय माझं." काडी जरा थांबला. "पण तुम्ही मला उतरवलं ते बरोबरच होतं. फक्त रस्त्यात, सगळ्यांदेखत... ते राहिलं मनात."

उस्तादाचे कान तापले.

पाहुणे गेल्यावर तो सुनेसमोर जाऊन उभा राहिला. "माझ्यासाठी खोटं बोललीस तू."

"तुमच्यासाठी नाही, बाबा." तिनं त्याच्याकडे न पाहता सांगितलं. "खरं सांगितलं असतं तर या घरात कुणी मानलं असतं का? तुमची चूक झाली म्हणायची इथे सोयच नाही."

ती रागानं बोलली असती तर त्याला झेपलं असतं. ती भाजीचा भाव सांगावा तशी बोलली, आणि तो तिथेच उभा राहिला.

प्लास्टर निघून हातात जोर आल्यावर सूनच म्हणाली, "मला मशीन शिकवा."

बायको काहीतरी बोलणार होती, पण उठून आत गेली.

फांदी टोळीनं दोर बांधून अलगद खाली घेतली. मग खाली घेतलेल्या त्या फांदीपाशीच उस्तादानं सुनेला पहिल्यापासून दाखवलं. पेट्रोलमध्ये तेल किती आणि कसं मिसळायचं, इंजिन गार झाल्याशिवाय टाकी का उघडायची नाही, मशीन जमिनीवर ठेवून, पायानं दाबूनच ते सुरू करायची दोरी का ओढायची, अंगठा मुठीभोवती कसा वळवायचा. तो पहिल्यांदाच न ओरडता शिकवत होता. मध्येच सवयीनं आवाज चढायचा, आणि तो स्वतःच थांबायचा. पट्टीच्या टोकाशी आल्यावर त्यानं त्यावर बोट ठेवलं.

"हे कशाला लागू द्यायचं नाही," तो एवढंच म्हणाला.

"माहीत आहे," सून म्हणाली. तिनं ब्रेक पुढे ढकलून तपासला, मागे घेतला, परत तपासला. मग जाळी तोंडावर ओढली आणि त्याच्याकडे वळली.

"बाबा, मागे व्हा."

तो मागे झाला.

"अजून."

तो कुंपणापर्यंत गेला, आणि तिनं मान हलवेपर्यंत हात बांधून तिथेच उभा राहिला.