पाळी थांबली तेव्हा

ऊसतोडीला निघायच्या आधी सविता गावातल्या आशा सेविकेकडे, जयमालाताईंकडे गेली. दुसऱ्या मुलीच्या वेळी एवढं रक्त गेलं होतं, की ती जेमतेम वाचली. दोन-तीन वर्षं दिवस जाऊ देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

जयमालाताईंनी घाई केली नाही. "ऑपरेशन कायमचं. मन होत नसंल तर नको. तांबीनं पहिले काही महिने अंगावरून जास्त जाऊ शकतं. गोळी रोज आठवणीनं घ्यावी लागती. न्हाईतर सुई हाय."

"पहाटं कोयता घिऊन पळायचं, गोळी कुठं आठवायची, ताई? सुईच बरी."

"घे मग. तीन महिन्यांनी परत घ्यायची. पाळी पुढंमागं हुईल, बंदबी पडंल. घाबरू नको. पन घरात सांगून ठेव."

तिनं नवऱ्याला सांगितलं. वैजनाथ म्हणाला, "आईला नको सांगू. गहिनीनाथ गेल्यापासून तिला नातवाचंच येड हाय." गहिनीनाथ त्याचा थोरला भाऊ. लग्नाआधीच तापानं गेला.

कोपरगावच्या फडात सविताची पाळी थांबली. एकाच कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहणाऱ्या सासूच्या, भागूबाईच्या ते लगेच ध्यानात आलं. ती सविताच्या वाटणीच्या मोळ्याही स्वतःच वाहू लागली.

"आत्या, द्या इकडं."

"गप. दोन जिवांची हायस. माझं टकुरं काय वझ्याला नवं हाय व्हय?"

शेजारच्या कोपीतल्या छबूबाईला ती म्हणाली, "माझा गहिनीनाथ परत येतोय." सवितानं वैजनाथकडे पाहिलं. तो खाली मान घालून कोयत्याला धार लावत राहिला.

एका दुपारी मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना भागूबाई घसरली. गुडघा फुटला. पदरानं रक्त पुसता पुसता सवितानं सगळं सांगून टाकलं.

भागूबाईनं विचारलं,

"आता दिवस गेले आसते तर?"

"परत तसंच रक्त गेलं तर वाचायची न्हाई, म्हनल्या डॉक्टरीणबाई."

"वैजूला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् मी बसले गहिनीनाथला हाका मारीत." तिनं गुडघ्यावरून सविताचा हात हलकेच बाजूला केला. "परत सुई कवा?"

"येत्या सोमवारी. हितल्या दवाखान्यात."

"जाऊन ये. पोरी ऱ्हातील माझ्यापाशी."

संध्याकाळी छबूबाईनं विचारलं, "काय भागूबाई, बारशाला आमाला बोलावताय ना?"

भागूबाई चुलीत पाचट सारत होती.

"दिवस न्हवतेच गेले," ती म्हणाली. "माझीच समजूत चुकली."

त्या हंगामात तिनं गहिनीनाथचं नाव पुन्हा काढलं नाही.