चंपतरावांचा बसलेला फोटो

“मॅडम, मी मांगं उभा राहतो न! खुर्चीवर काहून बसवून राहिल्या मले?”

“बसा हो मुकाट्यानं. निरोप समारंभ तुमचा आहे, माझा नाही,” मी चंपतरावांवर खेकसले.

सदतीस वर्षं सिव्हिल लाइन्सच्या आमच्या ऑफिसात शिपाई म्हणून राबलेला माणूस, आणि ऑफिसच्या एकाही फोटोत नाही. फोटोच्या वेळी हे नेमके कुणाची तरी फाइल घेऊन बाहेर पिटाळलेले. दोन दिवस आधी त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि चोरी केल्यासारखं हळूच म्हणाले, “एक फोटो पाहिजे होता मॅडम. सगळ्यायसंग, बसलेला. माह्या बायकोले, गोपिकाले दाखवाचा आहे. तिले वाटते, मी दिवसभर उभाच राहतो इथं.” म्हटलं, मीच काढते. नवीन फोन घेतला होता ना, फार मिजास होती मला त्याची.

खुर्च्या खिडकीसमोर होत्या. पहिल्या फोटोत बाहेरचं ऊन लख्ख आणि माणसं कोळशासारखी काळी आली. मग मी एचडीआर लावलं आणि सगळ्यांना दम भरला, “हा फोन एकामागून एक तीन फोटो घेतो आणि त्यांचा एक करतो. मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही!” चंपतराव मधल्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. श्वासही रोखून धरला असेल बिचाऱ्यांनी.

मी बटण दाबलं आणि साहेब आत आले. चंपतराव ताडकन उठले. कुणी सांगितलं नव्हतं. अंगातच मुरलेलं ते. खिशातल्या रुमालानं खुर्ची झटकत म्हणाले, “बसा साहेब.” आणि साहेब खरंच बसले! त्या माणसाला एवढंही कळू नये?

“फोटो झाला ना? मला मीटिंग आहे. समोसे आणा,” साहेब म्हणाले. समोसे कुणी वाटले असतील? चंपतरावांनीच.

मीही मेलीनं फोटो धड पाहिला नाही, तसाच ग्रुपवर टाकला. अकरा अंगठे आले. स्टोअरच्या सुशीलनं तो मोठा करून फ्रेम करून आणला, तेव्हा मला दिसलं. खिडकीबाहेरचा कडुनिंब पानापानासकट आला होता. कपाटावरची धूळसुद्धा आली होती. मधल्या खुर्चीवर मात्र धुरकट काहीतरी होतं आणि त्यातून खुर्चीची पाठ दिसत होती.

“दुसरा काढू या,” मी म्हटलं.

“आता कुठून काढता मॅडम? नाव छापून झालं खाली,” सुशील म्हणाला.

चंपतरावांचे दोन फोन येऊन गेले होते, फोटो झाला का म्हणून. शेवटी रविवारी हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेले. गोपिकाबाईंनी फ्रेम मांडीवर घेतली.

“अगो बाई, झाड बी कित्ती साफ आलं! अन् तुम्ही कुठी आहा?”

चंपतराव बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी मधल्या खुर्चीवर बोट ठेवलं. “हा मी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी होती, साहेबांची होती, सगळ्यांची होती.

गोपिकाबाईंनी पदरानं तेवढी जागा पुसली. मग काचेवर तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसली.

“काचेवर नाही वं ते,” चंपतराव म्हणाले.

त्या पुसत राहिल्या.