बोळवण वगळून

पेणच्या स्टँडबाहेर पोपट मिनीडोअरमध्ये बसला, ड्रायव्हरनं सीडी लावली, आणि मरून आठ वर्षं झालेला केरू गायला लागला.

समोर बसलेल्या कॉलेजच्या पोरी माना हलवू लागल्या. गाणं सगळ्यांना पाठ. 'या रे या बांधावरचे.' आधी नुसता केरूचा आवाज, खरखरीत, जणू कोणी खळ्यावरून हाक मारतंय. मग शरदची गिटार करवतीसारखी आत शिरते, आणि मागून पोपटचे ड्रम. स्वतःचाच हात ऐकताना पोपटची बोटं मांडीवर हलली. सीडी नवी होती, कव्हरवर नाव होतं 'गेट नंबर दोन : निवडक बारा'. बँड मोडून जमाना झाला, पण मेलेल्या बँडला बाजारात भाव येतो. जिवंत असताना याच बँडला रोह्यात कोणी चहा उधार देत नव्हतं.

डोलवी मागं पडली तेव्हा ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "मागचे, जरा आत सरका ना. तो बाबा कवापासनं लटकतोय."

"कुठला बाबा?" एक पोरगी म्हणाली.

ड्रायव्हरनं पुन्हा आरशात पाहिलं. "उतरला वाटतं."

पेण सोडल्यापासून गाडी कुठं थांबली नव्हती. पोपटनं मागं बघितलं नाही. त्याला वास आला होता, कुजलेल्या कैरीसारखा, गोड आणि नाकात चावणारा. हा वास त्यानं आयुष्यात एकदाच घेतला होता, धाटावच्या एका कंपनीत, टाकीतून केरूला वर ओढताना. कायमच्या कामगारांना मास्क होते, ठेक्याच्या पोरांना रुमाल. साहेबानं नंतर लिहून दिलं की मयत स्वतःच्या मर्जीनं खाली उतरला. मर्जी. तीन महिन्यांचा पगार अडकवून ठेवलेल्या माणसाची मर्जी.

एक हिट गाणं संपलं की लगेच दुसरं सुरू व्हायचं. मग तिसरं. रोह्यापर्यंत बाराही वाजून झाली, आणि पोपट ज्याची वाट बघत होता ते गाणं आलंच नाही.

ते गाणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. केरूची आई गिरजाबाई ही गडबची धवलारीण. धवलारीण म्हणजे धवले गाऊन लग्न लावणारी बाई. मांडवात भटाच्या आधी तिचं चालतं. तिच्या घराण्यातल्या एका धवल्यात घरचे मेलेले लोक लग्नाला बोलवायचे. बांधावर मेला असेल त्यानं या, खाडीत गेला असेल त्यानं या, ज्याला कोणी नाही त्यानंही या. आणि लग्न उरकलं की दुसऱ्या धवल्यानं त्यांची बोळवण करायची. जेवलात, बसलात, आता उठा, आल्या वाटंनं जावा. कंपनीच्या दोन नंबर गेटवर जमून ज्या पोरांनी बँड काढला त्यांना पहिला धवला भारी आवडला. दुसऱ्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पण गिरजाबाई अडून बसली होती. "बोलावनं घेता तं बोळवन पन घ्या. जो हाक मारतो त्यानंच त्यांना वाटंला लावायचं. दुसऱ्याच्या तोंडानं ते जाईत नायत."

म्हणून पहिल्या कॅसेटवर ए बाजूला पहिलं गाणं बोलावण्याचं होतं आणि बी बाजूला शेवटचं बोळवणीचं. दोन्ही केरूनं गायली. पहिलं गाजलं. दुसरं कोणी ऐकलं नाही, कारण कॅसेट उलटून शेवटपर्यंत ऐकणारी जात या देशात जन्मलीच नाही.

आता केरू मेलेल्यांत जमा होता. आणि प्रत्येक टपरीवर, प्रत्येक वरातीत त्याचाच आवाज त्याला हाक मारत होता. परत पाठवणारं कोणी नव्हतं.

रोह्याच्या हॉलमध्ये नव्या सीडीनिमित्त बँडचा सत्कार होता. स्टेजवर शरद बसलेला, पांढरे केस मागं रबरानं बांधलेले. शरद इथलाच, मास्तरांच्या घरातला. धाटावला तो ऑफिसात होता, केरू आणि पोपट आत, ड्रम उचलायला. रसायनाचे ड्रम, वाजवायचे नव्हेत. पोपटला बघून शरद खाली आला.

"पोपट्या, चल वर. तुझीपण शाल आणलीय."

"शाल ठेव. बोळवण कुठाय?"

"अरे, ती कधी चालली होती? ना बीट, ना गिटार. निवडक म्हणजे निवडक."

"निवडताना तांदळातले खडे काढतात. तू तांदूळ काढलास."

शरद हसला नाही. त्यानं पोपटला खांद्याला धरून हॉलच्या मागं, जिथं जेवणाची पातेली लागली होती तिथं नेलं. "तुला वास येतो?" त्यानं हळूच विचारलं.

पोपटनं मान डोलावली.

"मला फ्लॅटमध्ये येतो," शरद म्हणाला. "बायकोनं गॅसवाल्याला बोलावून बोलावून आता तो फोन उचलत नाही. शेजारचे म्हणतात तुमच्याकडं पाहुणे आलेत का, जिन्यात उभे असतात."

"मग घाल ना गाणं. सीडीवाल्या कंपनीला सांग."

"घातलं होतं. तेरावं होतं ते. गिरजामावशीनं काढायला लावलं."

"खोटं बोलू नको."

"तिच्या ओटीवर बसून परवानगी मागितली मी. म्हणाली, सगळी घ्या, तेवडं एक नको. नायतर माज्या पोराचा आवाज विकायचा नाय." शरदनं हात पसरले. "तुला वाटतं नेहमी मीच चोर. यावेळी नाही रे."

पोपट शाल न घेता निघाला. रागावायला शरद हाताशी होता तोवर सोपं होतं. आता राग कुठं न्यायचा ते कळेना. तो गडबला उतरला.

गिरजाबाई ओटीवर वाल सोलत बसली होती. भिजवलेल्या वालाची सालं बोटानं दाबून उडवत होती. तिनं वर बघितलं नाही.

"काकी, गाणं तू काढायला लावलंस?"

"व्हय."

"का गो?"

"का म्हंजे? पोरगा माजा हाय."

"तूच सांगितलं व्हतंस, हाक मारणाऱ्यानंच बोळवायचं. तुझाच कायदा."

"कायदा धवलारनीचा. मी आय पन हाय." तिनं एक वाल पातेल्यात टाकला. "टपरीवाला गानं लावतो ना, तवा येतो. खळ्याच्या कडंला उभा ऱ्हातो. मी बोलते, तो ऐकतो. कुनाचं लगीन झालं, कुनाची जमीन कंपनीनं घेतली. जिता असताना एवडा कवा ऐकत नव्हता."

"तो काय बोलतो?"

"नाय. गान्यात बोलतो तेवडंच."

"जेवतो?"

म्हातारीची बोटं थांबली. "ताट ठेवते."

"जेवतो का, काकी?"

"गिळत नाय त्याला. नरडं जळलंय ना."

पोपट ओटीच्या कडेला बसला. "आणि तू त्याला असाच उभा ठेवनार?"

"तू मला सांगू नको." ती पहिल्यांदा त्याच्याकडं वळली. "तू त्याला टाकीतनं वर काडलास. तुज्या हातात तरी व्हता. माज्या हातात काय दिलं? बांदलेलं पुडकं. तोंड बगायचं नाय म्हनाले, साहेबांचा हुकूम हाय. आता मला बगायला मिलतो, तं तुला सलतंय."

 

तेवढ्यात हायवेवर टपरीवाल्यानं सीडी लावली. या रे या बांधावरचे. वाऱ्यानं आवाज तुटत तुटत येत होता. वालाच्या ओल्या वासावर तो दुसरा वास चढला, आणि खळ्याच्या कडेला केरू उभा होता.

कंपनीचे गमबूट. अंगावर ठेकेदारानं दिलेला तो ढगळ शर्ट. गेटवर पास विसरलेला कामगार उभा राहतो तसा उभा होता, आत घेत नाहीत आणि घरी जाता येत नाही. गाणं चालू होतं तसं त्याचं तोंड हलत होतं, पण शब्दाशब्दाला तो मान वर करत होता, कोंबडी पाणी पिते तशी, काहीतरी खाली ढकलायला. ते खाली जात नव्हतं. त्यानं पोपटला पाहिलं. मग हात गळ्याशी नेला आणि तिथंच ठेवला.

"बग," गिरजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "बरा दिसतो ना?"

पोपट उठला. घरात फळीवर केरूचा जुना टेप होता. खिशात आणलेली कॅसेट, गाणं वगळलं असेल तर शरदच्या तोंडावर मारायला आणलेली, त्यानं आत घातली, बी बाजू वर करून, आणि शेवटपर्यंत पुढं पळवली. टेप ओटीवर आणून ठेवला. म्हातारीनं हात पुढं केला असता तर तो थांबला असता. तिनं केला नाही. ती वाल सोलत राहिली, भराभरा, सालं अंगावर उडत होती.

बीट नव्हता, गिटार नव्हती. केरू एकटा गात होता. जेवलात, बसलात. उठा आता. दिवे बगू नका, पोरं बगू नका, आल्या वाटंनं जावा.

खळ्यावरच्या केरूचं तोंड मिटलं. हात गळ्यावरून खाली आला. गाणं संपेपर्यंत तो आईकडं बघत होता, आणि आई पातेल्याकडं. मग तो वळला आणि बांधावरून चालू लागला. गमबुटांचा आवाज आला नाही. बांध वळतो तिथं तो दिसेनासा झाला. वास विरत विरत गेला, राहिला तो फक्त वालाचा.

टेप खाटकन बंद पडला.

"झालं तुजं?" गिरजाबाई म्हणाली.

"काकी..."

"आता तू पन जा. परत येऊ नको."

पोपटनं कॅसेट काढून घेतली. पायवाटेनं तो हायवेपर्यंत आला. टपरीसमोर ट्रक थांबला होता, दोन ड्रायव्हर वडापाव खात होते. सीडीवरचं चौथं गाणं संपत आलं होतं. त्याला वाटलं टपरीवाल्याला सांगावं, ही सीडी लावू नको. पण पेणला ती वाजत होती, रोह्याला वाजत होती, मिनीडोअरमध्ये, वरातींत, पोरींच्या मोबाइलमध्ये. किती जणांच्या पाया पडणार? आणि या हातातल्या एकुलत्या कॅसेटनं दिवसातून किती वेळा बोळवण करणार?

"भाऊ, ते पयलंच लाव परत," एक ड्रायव्हर म्हणाला.

टपरीवाल्यानं बटण दाबलं. या रे या बांधावरचे.

पोपट रस्त्याकडं तोंड करून तसाच उभा राहिला. मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही. गाणं अंगावरून जाऊ दिलं. आणि गिटार शिरायच्या आधी, त्या थोड्याशा शांततेत, ओटीवरून म्हातारीचा आवाज आला, रोज कामावरून घरी आलेल्या माणसाला विचारावं तसा.

"आलास?"