अकरावा रकाना मागच्या पानावर आहे

मित्रांनो, मी निवृत्तीनिधीतून मुदतीआधी पैसे काढण्याचा एक जुना अर्ज आहे. नाव लांबलचक आहे, त्याला माझा इलाज नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. मला कोणी उलटून पाहत नाही!

छापखान्यात माझ्या दोन्ही बाजूंना शाई लागली. पुढे नाव, पत्ता आणि पैसे काढण्याचे कारण. साठीच्या आत पैसे काढले तर दहावा हिस्सा दंड, हेही तिथेच ठळक अक्षरांत. दंड कधी लागत नाही, ती यादी मात्र मागे. कायमचे अपंगत्व आले, घरात मोठे आजारपण निघाले, तर दंड माफ. आयकर माफ नाही बरे का! हा फरक माणसांच्या डोक्यात शिरता शिरत नाही. आणि एवढ्या मोलाच्या बाजूवर कचेरीतल्या लोकांनी काय करावे? चहाचे कप ठेवले.

दोन वर्षे कपाटात धूळ खाल्ल्यावर एका लिफ्ट-मिस्त्रींच्या हाती मी लागलो. वय एक्कावन्न.

"दंड टाळता येईल का हो?" त्यांनी खिडकीवरच्या बाईंना विचारले.

"कारण काय?"

मिस्त्रींनी आजूबाजूला पाहिले. "घरगुती अडचण."

"मग लागणार दंड. मागे यादी आहे, काही बसतंय का बघा."

मिस्त्रींनी मान डोलावली आणि माझी चार घड्यांची पुरचुंडी करून खिशात कोंबली. लिफ्टचा नकाशा दहा वेळा उलटसुलट करून पाहणारा हा माणूस! पण घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी मला खरोखरच उलटे केले. अकरावा रकाना बोट ठेवून वाचला: आजाराचे नाव लिहा, डॉक्टरांचा दाखला जोडा. मला वाटले, सुटलो. तर त्यांनी मला पुन्हा सरळ केले आणि कारणापुढे लिहिले, घरगुती अडचण. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मला हात असता तर कपाळावर मारून घेतला असता.

त्यांची बायको येऊन समोर बसली. तीन महिन्यांत ती निम्मी झाली होती. तिने मला वाचले.

"अहो, दहावा हिस्सा कापतात. तेवढ्यात माझी दोन महिन्यांची इंजेक्शनं येतील."

"जाऊ दे गं. नियमच आहे."

तिने मला उलटले. अकराव्या रकान्याशी थांबली. "हे वाचलं नाहीत?"

मिस्त्री पेनाचे टोपण काढू-घालू लागले.

"वाचलंत. मग नाव का नाही लिहिलं? मला म्हणालात, रक्तात जरासा दोष आहे, औषधांनी जाईल."

"तसंच आहे ते."

"कपाटावरची दवाखान्याची फाईल झाडायला मीच काढते ना. पहिल्याच आठवड्यात वाचली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं जपून लपवत होतात. म्हटलं, तेवढाच तुम्हाला धीर. तुम्ही गच्चीवर जाऊन रडता, मी न्हाणीघरात."

मग तिने आजाराचे नाव उच्चारले. त्या घरात ते पहिल्यांदाच कोणी मोठ्याने घेतले. मिस्त्रींनी घरगुती अडचण खोडून त्या खाडाखोडीशेजारी सही केली आणि अकराव्या रकान्यात ते नाव लिहिले. अक्षर वाकडे आले, पण वाचता येत होते. तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला होता, म्हणूनही वाकडे आले असेल.

दाखल्यासकट मी मंजूर झालो. दंड एका पैशाचाही लागला नाही.

मित्रांनो, कागद मागूनपुढून वाचत जा, हे मी ओरडून सांगेनच. पण ज्याच्यासाठी पैसे काढता, त्याच्याशी आधी बोला रे बाबांनो! त्या दोघांचे तीन महिने एका घरात वेगवेगळे रडण्यात गेले. ते परत मिळावेत म्हणून कुठला अर्ज असता, तर मीच त्यांना सांगितला असता. आमच्या कचेरीत तसा अर्ज नाही.